टेकडीवरच्या रस्त्याला जात नसते म्हणे!

बंगळुरूत डोंगरउतारावरच्या गृहप्रकल्पाची फाइल छाननीला आली की काय काय तपासायचे हे ठरलेले असते. रस्ता किती मीटर रुंद, चढ किती टक्के, वळणाची त्रिज्या किती, चालकाला पुढचे किती अंतर दिसते, संरक्षक भिंत किती उंच, गटार कुठे सोडले आहे. शेजारी इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तके उघडी असतात. आकडा बसला की टिक, नाही बसला की लाल शेरा. नंदीच्या डोंगराकडे, कनकपुरा रस्त्याकडे 'हिल व्ह्यू' म्हणून जे काही विकले जाते, त्याच्या मागे अशी एक कंटाळवाणी फाइल असते. हे काम मी करतो. लातूर, सोलापूर, बेळगाव, बिदरकडून आलेली, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेली आपली बरीच मुलेमुली करतात.

या टेबलावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "हे टेक्निकल आहे, इथे जात कशाला आणता?" बोलणारा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो. त्याला खरेच वाटत असते की टक्के आणि मीटर यांना जात नसते. त्याला उत्तर द्यायला मी चढाचा आकडाच घेतो.

डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के असावा, अगदीच इलाज नसेल तिथे ७-८ टक्क्यांपर्यंत जावे, असे आपले निकष सांगतात. ६ टक्के म्हणजे १०० मीटर चालले की ६ मीटर वर. मुख्य फाटकापासून शेवटच्या बंगल्यापर्यंत एक किलोमीटर रस्ता असेल तर माणूस ६० मीटर चढतो. मजला ३ मीटरचा धरला तर ही २० मजली इमारत झाली, बिनलिफ्टची. हा आकडा इंजिनासाठी काढलेला आहे. भरलेला ट्रक दम न टाकता वर जावा म्हणून. बंगल्याच्या मालकाला तो कधी कळतच नाही, कारण त्याचा पाय एक्सिलरेटरवर असतो. कळतो तो सकाळी साडेसहाला खालच्या स्टॉपवर बसमधून उतरणाऱ्या बाईला, जिला सातला पहिल्या घरी, नऊला दुसऱ्या आणि अकराला तिसऱ्या घरी भांडी घासायची असतात. झाडूवालीला कळतो, कचऱ्याची ढकलगाडी ओढणाऱ्याला कळतो, रात्रपाळी संपवून उतरणाऱ्या वॉचमनला कळतो. बंगळुरूचे रस्ते झाडणारी पौरकार्मिक बाई बहुतेक करून कोणत्या जातीची असते, हे या शहरात कोणाला सांगावे लागत नाही. छाननीच्या तक्त्यात गाडीसाठी पानभर ओळी आहेत. त्या बाईच्या गुडघ्यांसाठी एकही नाही.

यावर लगेच सांगतात की फुटपाथ असतो ना. असतो, कागदावर. पादचाऱ्यांसाठीच्या निकषांत निवासी भागातही किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. पण टेकडीवर प्रत्येक मीटरला किंमत पडते, आणि ती किंमत खरी आहे. साधा हिशेब करू. १:५ उताराची जमीन धरा (महाराष्ट्रात याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे). तिथे डोंगर उभा कापून ९ मीटरचा सपाट पट्टा काढायचा तर आतल्या बाजूला १.८ मीटर उंचीचा काप येतो आणि रस्त्याच्या दर मीटर लांबीला सुमारे ८ घनमीटर माती-मुरूम निघतो. तोच पट्टा १२ मीटरचा केला तर काप २.४ मीटरचा आणि माती १४ घनमीटरच्या वर. रुंदी एक तृतीयांशाने वाढली, माती पावणेदोन पट झाली. तेव्हा टेकडीवर रस्ता अरुंद ठेवा हे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मीही तेच लिहितो.

भांडण त्यापुढचे आहे. अरुंद करायचा ठरला की पहिला बळी फुटपाथचा जातो. दोन्ही बाजूंचे पार्किंग शाबूत राहते, पाहुण्यांच्या गाड्यांची जागा शाबूत राहते, दोन मोटारी आरामात शेजारून जातील एवढा डांबरी पट्टा शाबूत राहतो. मग कोणीतरी टीप लिहितो की वर्दळ कमी असल्याने पादचारी आणि वाहने एकाच रस्त्यावर चालतील, आणि पुरावा म्हणून हॉलंडच्या गल्ल्यांचे फोटो जोडतो. हॉलंडच्या त्या गल्लीत चालणारा माणूस तिथलाच रहिवासी असतो. मोटार त्याच्या चालीने येते, कारण गल्ली त्याची आहे. आपल्याकडच्या टेकडीवर चालणारी बाई आणि मोटारीतला साहेब यांच्यात गल्ली कोणाची, हे हॉर्नवरूनच कळते.

आणि माती? ती ८ किंवा १४ घनमीटर माती जाते कुठे? फाइलमध्ये 'साइटवरच पुनर्वापर' असे लिहिलेले असते. पावसाळ्यात ती खाली जाते. खाली ओढा असतो, ओढ्याकाठी शेत, शेतापलीकडे वाडी. वाडीचे नाव नकाशात सापडत नाही, कारण नकाशा प्रकल्पाच्या हद्दीवर संपतो.

मग त्या वाडीला विचारायचे कोणी? खाण किंवा मोठा कारखाना येणार असेल तर पर्यावरण परवानगीआधी जनसुनावणी होते. गावकरी येतात, भांडतात, निदान त्यांचे म्हणणे कागदावर चढते. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला परवानगी लागते, पण बांधकाम प्रकल्प आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. म्हणजे डोंगर कापून नगर वसवताना खालच्या वाडीचे मत घेण्याचे बंधन या अधिसूचनेत नाही. विकास नियमच बदलायचे असतील तर महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यात हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, तोही राजपत्र वाचणाऱ्यांना. एकेका प्रकल्पातल्या रस्त्यांसाठी तेवढेही नाही. वाडीची सुनावणी झालीच तर ती छाननीच्या टेबलावर होते, वाडीच्या गैरहजेरीत. त्या टेबलावर बसून जो म्हणतो की मी फक्त आकडे बघतो, तो ती सुनावणी न घेताच बंद करतो.

पुणे जिल्ह्यातले दोन डोंगर शेजारी ठेवून पाहा.

पहिला लवासाचा. महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये गिरिस्थानासारख्या पर्यटन वसाहतींसाठी खास नियम केले. २००१ मध्ये मोसे खोऱ्यातला १८ गावांचा परिसर त्याखाली आला. २००८ मध्ये लवासासाठी स्वतंत्र विशेष नियोजन प्राधिकरण आले. एका खासगी शहरासाठी परवानगी देणारे वेगळे घरच बांधून दिले म्हणा ना! परदेशी नामवंत कंपनीने आराखडा केला, इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर तळ्याकाठची रंगीत गल्ली उभी राहिली, पायी फिरण्यासाठी ती कशी छान आहे याचे कौतुक झाले, पुरस्कार मिळाले. डोंगरउतारावरही चालणाऱ्यासाठी जागा काढता येते, हे तिथे सिद्ध झाले. चालणारा पैसे देऊन आलेला पाहुणा असला म्हणजे झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले, २०११ मध्ये अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुगावसारख्या गावांतली आदिवासी कुटुंबे या सगळ्या काळात आपल्या जमिनींसाठी भांडत होती. त्यांच्यासाठी कोणी प्राधिकरण काढले नाही.

दुसरा डोंगर आंबेगाव तालुक्यातला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली, बहुतेक महादेव कोळी. बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीची गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर नव्हते. सरकारने आमडे येथे नवे माळीण बांधले आणि एप्रिल २०१७ मध्ये समारंभ करून घरे ताब्यात दिली. डोंगरउताराला टप्पे पाडलेले, भराव घातलेला, त्यावर रस्ते, संरक्षक भिंती, गटारे. 'डोंगरउतारावरचा नियोजित गृहप्रकल्प' म्हणतात तो हाच. त्याच जूनमधल्या जोराच्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, माती वाहून आली, आणि तीन वर्षांपूर्वी घरची माणसे दरडीखाली गमावलेले लोक पुन्हा डोंगराकडे बघत बसले.

ताजा भराव पावसाने बसतो, हे सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरालाही ठाऊक असते. या भरावावर एक पावसाळा जाऊ द्या, आधी पाण्याचा निचरा होतो का ते बघा, मग घरे द्या, एवढा शेरा पुरे होता. पण आदिवासींच्या पुनर्वसनात तारीख उद्घाटनाची असते. पावसाची तारीख कोणी विचारत नाही.

आणि जिथे रस्ताच नाही तिथे? इर्शाळवाडी, खालापूर तालुका, १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर आदिवासींची वाडी, सव्वादोनशेच्या आसपास वस्ती. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात पायवाटेने चढून गेली, ढिगारे कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी उपसले. जेसीबी वर नेता आला नाही. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच सांगितले. रस्त्याच्या निकषातही ती कशी बसणार? प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा मूळ निकष सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी राज्ये व आदिवासी क्षेत्रांत २५० लोकसंख्येचा. सव्वादोनशे माणसे दोन्हींच्या खाली भरतात. २५० हा आकडा दिसायला किती निरुपद्रवी आहे! कोणाची जात त्यात लिहिलेली नाही. फक्त डोंगरात वाड्या-पाडे करून विखुरलेले कोण राहतात आणि मोठ्या गावठाणात कोण राहतात, एवढे आठवून बघा.

रस्ता का नाही असे विचारले की वनखात्याकडे बोट दाखवले जाते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, शाळा, दवाखाना अशा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची सोय आहे. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत. ६ मीटर रुंदीचा पट्टा धरला तर एका हेक्टरात दीड किलोमीटरहून लांब रस्ता बसतो. किती तहसीलदार हे कलम स्वतःहून ग्रामसभेत वाचून दाखवतात? गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवल्याच्या बातम्या आपल्याकडे पावसाळ्यात येतच राहतात. त्या वाचून हळहळणाऱ्यांना हे कलम पाठ असायला हरकत नाही.

मुंबईचे उदाहरण संरक्षक भिंतीसाठी घेतो, कारण त्या भिंतीवर आम्ही तपासणारे लोक डोळे झाकून टिक करतो. २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या पिंपरीपाडा-आंबेडकरनगरात महापालिकेच्या जलाशयाची भिंत उतारावरच्या झोपड्यांवर कोसळली. ३० च्या आसपास माणसे गेली. भिंत कोणाचे संरक्षण करण्यासाठी होती? वरच्या जलाशयाचे. खालच्या माणसांसाठी तीच भिंत धोका ठरली. भिंतीमागे साचणारे पाणी बाहेर पडायला छिद्रे किती, ती बुजली तर साफ कोण करणार, आणि भिंत पडलीच तर कोणत्या बाजूला आणि कोणावर पडेल, हे तीन प्रश्न प्रत्येक डोंगरी रस्त्याच्या फाइलमध्ये विचारले पाहिजेत. पहिल्या दोघांना पुस्तकांत जागा आहे. तिसरा आपल्याला विचारावा लागेल.

आता फाटकाकडे येऊ. रस्ता हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. केरळात १९२४ मध्ये वैकोमला सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. दीड वर्षाहून जास्त लढून तीन बाजूंचे रस्ते उघडले, पूर्वेचा बंदच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या रस्त्यांवरून हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाटांच्या शेजारी 'रस्ते' हा शब्द बसला, त्यामागे हा इतिहास आहे. पण त्या कलमाची भाषा नीट वाचा : राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेले, किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी दिलेले रस्ते. इथेच टाउनशिपने वाट काढली आहे. रस्ता आराखड्यात 'खासगी अंतर्गत रस्ता' म्हणून दाखवायचा, देखभाल सोसायटीने करायची, तोंडाशी फाटक आणि रजिस्टर. घरकामाच्या बाईने ओळखपत्र दाखवायचे, डिलिव्हरीच्या पोराने मागच्या वाटेने जायचे, खालच्या वाडीतल्या माणसाने टेकडीवरच्या जुन्या पायवाटेने जळण आणायला जाऊ नये. कोणाला जातीचे नाव घेऊन अडवायची गरजच राहत नाही.

बंगळुरूतल्या अशाच एका फाटकबंद वसाहतीच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने काही वर्षांपूर्वी सांगितले की मंजूर लेआउटमध्ये स्थानिक संस्थेकडे सोपवलेले रस्ते सार्वजनिक आहेत, रहिवाशांना लोकांची ये-जा अडवता येणार नाही. त्यामुळे आराखड्यावर रस्त्याशेजारी छापलेला तो बारीक शब्द, 'हस्तांतरित' की 'खासगी', हा वळणाच्या त्रिज्येइतकाच छाननीचा विषय आहे. उतारावरून आडवी जाणारी जुनी पायवाट नकाशात दाखवली आहे का, हेही.

रस्ता कोणाच्या सर्व्हे नंबरातून काढला आहे, हे तर आमच्या तक्त्यात येतच नाही. ते म्हणे महसूल खात्याचे काम. कर्नाटकात १९७८ चा कायदा आहे, सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना दिलेल्या जमिनी परवानगीशिवाय विकल्या गेल्या तर त्या परत मिळवून देणारा. लोक त्याला पीटीसीएल म्हणतात. खडकाळ, उताराची, कोणालाच नको असलेली जमीन अनेकदा अशा कुटुंबांच्या वाट्याला आली. शहर पसरत तिथे पोचले आणि त्याच खडकाला 'व्ह्यू' आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेक्कंटी रामा लक्ष्मी खटल्यात म्हटले की फार उशिरा केलेले दावे चालणार नाहीत, आणि त्याच्या आधारे कितीतरी दावे अडले. दलित संघटनांनी लढून २०२३ मध्ये दुरुस्ती करून घेतली आणि ती मुदतीची अट काढायला लावली. महाराष्ट्रात गायरान आणि वतनाच्या जमिनींचे जे झाले ते वाचकांना माहीत आहे. ज्या जमिनीवर असा दावा असू शकतो तिच्यावर डांबर पडले की परत मिळवणे किती अवघड होते, हेही माहीत आहे. म्हणून रस्त्याच्या फाइलला मूळ मंजुरीचे कागद जोडायला सांगणे हे अधिकाराबाहेरचे काम नाही.

एक बाजूची गोष्ट. पुण्यात टेकड्या वाचवणाऱ्या नागरिकांची मोठी परंपरा आहे, आणि टेकड्या वाचल्या पाहिजेत याबद्दल माझा काही वाद नाही. २०१५ मध्ये समाविष्ट गावांतल्या साडेनऊशेहून अधिक हेक्टर डोंगरांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण मंजूर झाले ते अशा दबावामुळेच. पण पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत ज्यांच्या डोळ्यांना 'अतिक्रमण' म्हणून खुपते, त्यांना त्याच शहरातल्या उतारावरच्या बंगल्यांची सोसायटी 'निसर्गाच्या सान्निध्यात' का दिसते, याचे उत्तर सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी द्यावे. बंगळुरूत हेच उलटे आहे. इथे गरिबांची वस्ती राजकालुव्याच्या, म्हणजे मोठ्या नाल्याच्या काठी, खालच्या पातळीवर सापडते. मुंबईत वर, बंगळुरूत खाली. उंची बदलते; जिथे पाणी किंवा दरड आधी येणार तिथे कोण राहते, ते बदलत नाही.

तर फाइलवर काय लिहायचे? मी लिहितो ते सांगतो, यापुढचे तुम्ही वाढवा. खालच्या बसस्टॉपपासून वरपर्यंत थेट पायऱ्यांची वाट दाखवा, दिव्यांसह. गाडीच्या नागमोडी रस्त्याने माणसाला फिरवू नका. पायऱ्यांना डोंगर कमी कापावा लागतो, त्यामुळे खर्चाचे कारण देता येत नाही. शक्य असेल तिथे बस वरच्या टोकाला वळेल एवढी जागा ठेवा. अग्निशमन गाडीसाठी ९ मीटरची वळण-त्रिज्या द्यावीच लागते, तिथे लहान बस वळू शकते. काम करणाऱ्यांसाठी वरच्या बाजूला पाणी आणि संडास दाखवा. पार्किंगची एक बाजू काढा, मग फुटपाथला हात लावा. खोदलेल्या मातीचा हिशेब घनमीटरमध्ये द्या आणि ती कुठे टाकणार ते सर्व्हे नंबरासह सांगा. गटाराचे पाणी हद्दीबाहेर ज्या ओढ्यात सोडता, तो ओढा पुढे जिथून जातो तिथपर्यंतचा नकाशा जोडा आणि त्यावर वस्त्यांची नावे लिहा.

यातल्या बऱ्याच शेऱ्यांवर 'स्कोपबाहेर' असे उत्तर येते. येऊ द्या. ते उत्तरही लेखी मागून घ्या, तारखेसह. फाइल सरकारी कार्यालयात गेली की तिच्यावरचे शेरे माहिती अधिकारात मागता येतात. खालच्या वाडीतल्या एखाद्या मुलीने पदवी घेतल्यावर ती फाइल मागितली, तर आपल्या वाडीचे नाव विचारणारा शेरा त्यात असला पाहिजे.